विसावी चिंधी

नवी रायफल म्हणजे चकचकीत, हातात घेतली की वाजली, अशी ज्याची समजूत असेल त्याने ती खोक्यातून निघताना एकदा बघावी. मेणकागदात गुंडाळलेली, लोखंड सगळं तपकिरी ग्रीसने माखलेलं, आणि वास असा की दुपारची भाकर नको वाटावी. गोदामात वर्ष-दोन वर्षं पडून राहिली तरी गंज धरू नये म्हणून कारखाना तिला तसं माखून पाठवतो. ते ग्रीस नळीत असतं, बोल्टच्या पोटात असतं, स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यात असतं. ते सगळं काढल्याशिवाय जो तिच्यात गोळी घालतो तो एक तर अडाणी, नाहीतर जिवाला कंटाळलेला.

पुंजाराम अडाणी नव्हता. कंटाळलेला होता, पण जिवाला नव्हे, कामाला.

साठी उलटून वर्ष झालं होतं. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी वैजापूरला भरतीवाले आले, त्यांनी छाती मोजली आणि शेतातला पोरगा फौजेत नेऊन आर्मरर केला. आर्मरर म्हणजे लढणारा नव्हे, लढणाऱ्यांची हत्यारं नीट ठेवणारा. बावीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या रायफली उघडल्या, पुसल्या, जोडल्या. तिथून सुटला तो औरंगाबादला येऊन आप्पासाहेबांच्या कापसाच्या जिनिंगवर पहारेकरी झाला, त्यालाही वीस वर्षं झाली. दर दसऱ्याला तो साळूबाईला सांगायचा, "एवढा हंगाम काढतो अन् घरी बसतो." साळूबाई त्याची बायको, ती मान डोलवायची आणि डबा भरायची. हंगाम यायचा, जायचा, आणि हा आपला सायकलवर टांग मारून वैजापूर रस्त्याला लागलेला.

घरी बसणं तसं सोपं नव्हतं. जिनिंगवर त्याच्या शब्दाला वजन होतं. मालकसुद्धा त्याला अहो-जाहो करायचे. घरात काय होतं? क्रांती चौकामागच्या गल्लीतल्या दोन खोल्या आणि आताशा अधूनमधून दगा देणारं स्वतःचं डोकं.

डोक्याची गोष्ट फक्त साळूबाईला ठाऊक होती. श्रावणात तो शहागंजात भाजी आणायला सायकलवर गेला आणि पिशवी घेऊन पायी परत आला. सायकल चोरीला गेली म्हणून गल्लीभर बोंब ठोकली. दुसऱ्या दिवशी साळूबाई गेली तर सायकल घड्याळाच्या मनोऱ्यापाशी जिथं लावली तिथंच उभी. ती ढकलत घरी घेऊन आली आणि म्हणाली, "चोरानं आणून ठेवली वाटतं." एवढंच. परत तिने विषय काढला नाही. तिचं ते गप्प बसणं पुंजारामला शिवीपेक्षा जास्त लागलं.

तर, या वर्षी जिनिंगवरची जुनी दुनळी बंदूक एकदाची मोडीत निघाली आणि आप्पासाहेबांनी परवाना काढून नवी कोरी रायफल मागवली. ती आली नेमकी नवरात्रातल्या अष्टमीला, दुपारी बारा वाजता. आणि संध्याकाळी ती पाटावर बसायला हवी होती.

पाटाचं प्रकरण असं. आप्पासाहेबांच्या आई, लक्ष्मीबाई, यांच्या सासरी फार जुनी चाल होती. कापसाची खरेदी दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू व्हायची. त्याआधी अष्टमीच्या संध्याकाळी ज्याने त्याने आपापलं हत्यार, अवजार घासूनपुसून देवघरात आणायचं. काटेवाल्याने काट्याची मापं, फिटरने पाने-हातोडे, पहारेकऱ्याने बंदूक. पाटावर ठेवायचं, त्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचं, "साफ हाय, सज्ज हाय." नवमीला पूजा. मग दसऱ्याला मुहूर्त लागेपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही. ज्याने सांगितलं तो त्या सांगण्याला बांधलेला. कुणाचं हत्यार दसऱ्याला बिघडलेलं निघालं, की पुढच्या वर्षी त्याला पाटाजवळ जागा नाही. एकदा बन्सी फिटरचा पाना मुहूर्ताला गंजलेला निघाला. माणूस चांगला होता, पण दोन महिन्यांत आपणहून काम सोडून गेला. लोकांच्या नजरा सोसवेनात.

पुंजारामने वीस वर्षं सांगितलं होतं आणि वीस वर्षं ते खरं निघालं होतं. त्याचा त्याला गर्वही होता, का नसावा? "पुंजारामानं साफ केलेली नळी दुसऱ्यानं परत बघायची नसती," असं तो स्वतःच मिशीवर हात फिरवून सांगायचा.

अष्टमीला दुपारी त्याने गोदामामागच्या पत्र्याच्या सावलीत गोणपाट अंथरलं, चुलीवर पाण्याचं भगुणं चढवलं आणि रॉकेलचा डबा ओढला. तेवढ्यात केरबा आला. केरबा दुसरा पहारेकरी, खुलताबादच्या डोंगरातला, मेंढरामागं वाढलेला, चाळिशीचा गडी. गोफणीने उडतं पाखरू पाडील, पण रायफल त्याने जवळून कधी पाहिली नव्हती. तो उकिडवा बसला आणि लहान लेकरासारखा तिच्याकडे बघत राहिला.

"दादा, म्या पुसू का जरा? तुमी सांगा, तसं करतो."

"तू गेटावर बस. हे हाताळायचं काम नाय, समजायचं काम हाय."

"मंग समजून सांगा की."

"आत्ता नाय. संध्याकाळपर्यंत उरकायचीय. जा."

केरबा गेला. खरं तर त्याला शेजारी बसवलं असतं तर निम्मं काम हलकं झालं असतं. पण शिकवलेला माणूस उद्या आपल्या जागेवर बसतो, हे पुंजारामला न कळण्याइतकं त्याचं डोकं गेलं नव्हतं.

त्याने जुन्या फ्लॅनेलच्या बनियनमधून चार बोटं लांब, दोन बोटं रुंद अशा वीस चिंध्या कापल्या. वीस म्हणजे वीस, फौजेपासूनची सवय. आणि जिनिंगवर तर मोजून घेणं भागच होतं. तेलाने भिजलेली चिंधी कापसाच्या ढिगात गेली तर आपणच तापते, आपणच पेटते. म्हणून काम झालं की सगळ्या चिंध्या मोजायच्या आणि चुलीत घालायच्या.

मग तो कामाला लागला. गोणपाटाच्या तुकड्याने वरचं ग्रीस निपटून काढलं. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट ओढून बाहेर घेतला, मॅगझिन काढलं. बोल्ट खोलून त्यातली पिन आणि स्प्रिंग रॉकेलमध्ये बुडवली, कारण त्या स्प्रिंगमध्ये ग्रीस राहिलं की पिन जोर धरत नाही आणि ऐन वेळी नुसता टक् आवाज येतो. नळीत नरसाळं लावून उकळतं पाणी सोडलं. खालून तपकिरी लगदा भळभळा बाहेर आला. दोनदा, तीनदा. पाणी स्वच्छ उतरल्यावर फुलतरू घेतला. फुलतरू म्हणजे एक लांब दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फास. फासात चिंधी अडकवायची, वजन नळीत सोडायचं, आणि दुसरीकडून दोरी एका दमात ओढून घ्यायची. चिंधी नळी पुसत बाहेर येते. पहिली काळी आली, दुसरी काळी, पाचवी तपकिरी, आठवी पिवळट.

हात दुखायला लागले. दहा वर्षांपूर्वी या कामाला तो गाणं गुणगुणायचा. आता प्रत्येक ओढीला खांद्यातून कळ निघत होती आणि डोळ्यांवर झापड येत होती. नवरात्राचे सात दिवस रात्रपाळी केली होती. वर सकाळी साळूबाईला कर्णपुऱ्याच्या देवीला नेऊन आणलं होतं, त्या गर्दीत दोन तास उभं राहून. पण त्याने काम टाकलं नाही. सगळे भाग कोरडे केले, नळीला तेलाचा पातळ हात दिला, बोल्टच्या कडांना थेंबथेंब तेल लावलं, लाकडी कुंद्याला जवसाचं तेल चोळलं. आता एकच राहिलं होतं. ठेवायच्या नळीला तेल हवं, पण गोळी मारायच्या नळीतून ते पुसून काढायला हवं. म्हणजे शेवटच्या दोन कोरड्या चिंध्या. एक ओढली. दुसरी फासात घातली.

आणि मग केव्हातरी त्याने डोळे उघडले तेव्हा रायफल जोडून तयार होती, स्वच्छ फडक्यात गुंडाळून मांडीवर होती, आणि लक्ष्मीबाईंची मोलकरीण पत्र्याच्या टोकाशी उभी राहून हाका मारत होती, "पुंजारामदादा, आईसाहेब वाट पाहू राहिल्या!"

तो गेला. पाटावर रायफल ठेवली, तिच्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "साफ हाय, सज्ज हाय." लक्ष्मीबाईंनी दिवा सारखा केला. पुंजारामने परत येऊन चिंध्या जाळायला घेतल्या. मोजल्या. एकोणीस.

परत मोजल्या. एकोणीस. गोणपाट झटकलं, भगुणं पालथं केलं, खिसे उलटे केले, चुलीतली राख काडीने उकरली. एकोणीसच.

फुलतरूच्या फासातून चिंधी कधीकधी निसटते आणि नळीत राहून जाते. हे होतं. म्हणूनच तर शेवटी नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं, नखावर पडलेला उजेड पुढून बघायचा, आणि मगच बोल्ट घालायचा. त्याने बघितलं होतं का? बावीस आणि वीस, बेचाळीस वर्षांत हजारदा बघितलेलं होतं. आजचं त्यातलं कुठलं, ते मात्र त्याला सापडेना. डोळ्यांसमोर शेकडो नळ्या येत होत्या आणि ही एक येत नव्हती.

नळीत चिंधी असताना गोळी सुटली तर काय होतं ते त्याने पठाणकोटच्या गोळीबाराच्या रेंजवर पाहिलं होतं. नळी मध्येच फुगली, फाटली, आणि एका विशीतल्या शिपायाचा उजवा डोळा गेला. ज्याने ती साफ केली होती तो आर्मरर चौकशीत शेवटपर्यंत म्हणत होता, काढली होती, मी काढली होती. त्या माणसाचा पुंजारामला तेव्हा फार राग आला होता.

नवमीच्या सकाळी तो लक्ष्मीबाईंकडे गेला. त्या देवघराच्या उंबऱ्यात फुलं निवडत बसल्या होत्या. सत्तरीची बाई, पण पाठ ताठ.

"आईसाहेब, रायफल जरा घडीभर खाली घेतली असती."

"का रे?"

का, याचं उत्तर त्याने रात्रभर तयार केलं होतं. ते सोडून तो भलतंच बोलला. "नाय म्हणलं... कुंद्याला तेल कमी पडलंय."

लक्ष्मीबाईंनी झेंडूचं फूल हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. "पुंजाराम, काल तूच सांगितलंस ना, साफ हाय, सज्ज हाय? मग आज तेल कमी कसं पडलं? खरं काय ते सांग. खोट असंल तर उचलू. मी काय हट्टाला पेटले नाय. पण तसं तोंडानं सांगावं लागंल, सगळ्यांसमोर, जसं काल सांगितलंस तसं."

"खोट नाय, आईसाहेब," तो म्हणाला. "उगं आपलं."

एवढं सोपं होतं. म्हातारी वाट करून देत होती आणि हा तिथून पाठ फिरवून निघाला. स्वतःला शिव्या देत निघाला, पण निघाला.

मनाला त्याने एक आधार दिला होता. दसऱ्याला पाटावरून रायफल त्याच्याच हाती येणार. मुहूर्ताचा बार दर वर्षी तोच काढायचा, गोदामामागच्या मातीच्या उंच बांधात. हवेत गोळी मारू द्यायचा नाही तो. वर गेलेली गोळी कुठंतरी उतरतेच. तर बार आपल्याच हातचा, मग बांधाकडे जाता जाता पाठमोरं होऊन बोल्ट उघडायचा, नळीतून एक नजर टाकायची. कुणाला कळतंय? आणि समजा नाहीच जमलं, तर डोळा आपला. साठ वर्षं वापरलेला. गेला तर गेला.

हा आधार दुपारपर्यंत टिकला. दुपारी आप्पासाहेबांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. आप्पासाहेब पन्नाशीचे, तोंडाने गोड, मनानेही वाईट नव्हते.

"पुंजाराम, उद्याचा बार या वर्षी केरबाला काढू द्या. तुमचे हात आताशा थरथरतात, मी बघतो ना. काम तुमचंच आहे, बंदुकीच्या कपाटाची किल्लीही तुमच्याकडेच. फक्त बार त्याला काढू द्या."

केरबाचं तोंड दिव्यासारखं उजळलं. पुंजारामला भीती जास्त वाटली की जळफळाट, हे त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. गेली वीस वर्षं जो मान त्याचा होता तो मेंढरं राखणाऱ्याच्या हाती गेला होता, आणि त्याच हाताजवळ, फुटभरावर, केरबाचा डोळा असणार होता.

बाहेर आल्यावर केरबा त्याच्या पायाला हात लावायला वाकला. "दादा, तुमी रागावला तर नाय?"

"रागवायचं काय त्यात." पुंजारामने त्याला उठवलं. "केरबा, उद्या गोळी भरायच्या आधी... बोल्ट मागं घेतला की नळीतून एकदा..."

"काय, दादा?"

"एकदा बघून घ्यावं."

केरबा हसला. "तुमच्या हातची हाय ती. म्या डोळं झाकून मारंन. अन् पाटावर सांगितलेलं हत्यार म्या परत बघितलं तर लोकं काय म्हनतील, पुंजारामदादावर इस्वास नाय व्हय? माझी कारभारीन मंजुळाबी येनार हाय उद्या, दोन्ही पोरींला घेऊन. खुलताबादहून सकाळच्या गाडीनं."

पुंजारामने मान हलवली आणि सायकल घेतली. वाटेत दोनदा थांबला. एकदा तर सायकल वळवलीसुद्धा. पण वळवलेली सायकल परत घराकडे वळवणं काही अवघड नसतं. रात्री जेवताना साळूबाईने विचारलं, "अवो, काय झालं?" तो म्हणाला, "थकलोय." ते खोटंही नव्हतं.

दसऱ्याला सकाळी नऊला मुहूर्त होता. मातीच्या बांधासमोर पन्नास-साठ माणसं जमली होती. कापसाची पहिली गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती, बैलांची शिंगं रंगवलेली. आप्पासाहेबांनी देवघरातून रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून आणली, हळदीकुंकवाची बोटं तिच्या कुंद्यावर तशीच होती. केरबाने नवा फेटा बांधला होता. गर्दीत पुढेच त्याची मंजुळाबाई दोन पोरींचे हात धरून उभी होती, आणि धाकटी पोर आपल्या बापाकडे बोट करून शेजारणीला दाखवत होती.

आप्पासाहेबांनी रायफल केरबाच्या हातात दिली, एक गोळी दिली. केरबाने बोल्ट मागं घेतला, आप्पासाहेबांनी सांगितलं होतं तशी गोळी ठेवली, बोल्ट पुढं सरकवला. कुंदा खांद्याला लावला. मग त्याने मान तिरकी केली आणि गाल त्या लाकडाला टेकवला, अगदी विश्वासाने, उशीला टेकवावा तसा.

"थांब!"

आवाज आपलाच आहे हे पुंजारामला जरा उशिरा कळलं. तोवर तो पुढे गेला होता आणि रायफलचं तोंड वर धरून उभा होता.

"बोट काढ. केरबा, बोट बाहेर काढ. दे इकडं."

"काय झालं, पुंजाराम?" आप्पासाहेब पुढे आले. "मुहूर्त चाललाय."

पुंजारामने गोळी बाहेर काढून खिशात टाकली. मग तो लोकांकडे वळला. लक्ष्मीबाई खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघत बोलला. "आईसाहेब, म्या अष्टमीला सांगितलं, साफ हाय, सज्ज हाय. ते मला ठाव नव्हतं. शेवटची चिंधी नळीतून काढली का नाय, मला याद नाय. मधे डोळा लागला. एक चिंधी कमी भरली. आताशा मला लई गोष्टी याद ऱ्हात नाय. नळीत ती असंल तर नळी फुटंल, अन् या गड्याचा डोळा जाईल. दोन दिस झाले, म्या गप बसलो."

मंजुळाबाईने पोरींना आपल्याकडे ओढून घेतलं. बोलून झालं तेव्हा पुंजारामला एकदम हलकं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. त्याने बोल्ट पूर्ण बाहेर काढला, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं, उन्हाकडे फिरवलं आणि पुढच्या तोंडाला डोळा लावला.

नळी आरशासारखी लख्ख होती. आतले पीळ फिरत फिरत शेवटपर्यंत गेलेले स्वच्छ दिसत होते आणि टोकाला नखावरच्या उजेडाचा गोल ठिपका. धूळ नाही, तेलाचा थेंब नाही, चिंधी नाही. काम जसं व्हायला हवं तसं झालेलं होतं. शेवटची चिंधी त्याने काढली होती; मग ती कुठंतरी पडली होती, किंवा मुळात कापल्याच एकोणीस होत्या.

तो डोळा लावून उभाच राहिला. लोकांना वाटलं, नीट बघतोय.

"आहे का हो?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "साफ हाय."

एवढा वेळ आवळून धरलेला श्वास सगळ्यांनी सोडला. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. वाईट हसणं नव्हतं ते, सुटल्याचं होतं. केरबा त्याच्याजवळ आला, त्याचे डोळे भरले होते. "बघितलं ते लई बरं केलं, दादा." आप्पासाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "अहो पुंजाराम, एवढं काय मनाला लावून घेता! काम तुमचं पक्कं आहे, डोकंच उगाच घाबरतं. चला, दसरा आहे." आणि लक्ष्मीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्याचं सांगणं खरं निघालं. पुढच्या वर्षीबी हत्यार तोच बसवंल."

म्हणजे झालं. मान राहिला, काम राहिलं, नावही राहिलं. दुसरा कुणी असता तर त्याने देवाला नारळ फोडला असता. पुंजारामने रायफल केरबाला परत दिली, गोळी दिली. मग करगोट्याला बांधलेली बंदुकीच्या कपाटाची किल्ली सोडली आणि तीही त्याच्याच हातावर ठेवली.

"हे काय, दादा?"

"बार काढायच्या आधी नळीतून बघत जा. कुणीबी साफ केलेली असू दे. कुणीबी म्हंजी कुणीबी." मग आप्पासाहेबांकडे वळून त्याने हात जोडले. "मालक, हंगाम हे लोकं काढतील. म्या जातो."

"अहो पण झालं काय? काहीच तर झालं नाही!"

पुंजाराम गेटाकडे चालू लागला. सायकल काढून गेटाबाहेर पडला तेव्हा मागे बार वाजला, कोरडा, मोकळा, चांगल्या रायफलीचा. पाठोपाठ टाळ्या वाजल्या.

घरी साळूबाई पुरण वाटत होती. अकरा वाजता नवरा दारात बघून तिने हात धुतले आणि त्याला पाणी दिलं. त्याने पाणी न पिता सगळं सांगितलं, अष्टमीपासून किल्ली देईपर्यंत. साळूबाई म्हणाली, "अवो, नळी साफ निघाली, केरबाचा डोळा वाचला. मालक ऱ्हा म्हनले. मंग किल्ली कामून दिली?"

पुंजारामने तांब्या खाली ठेवला. म्हणाला, "नळी साफ दिसली ना, तवा मला वाईट वाटलं, साळू. चिंधी असती तर बरं झालं असतं, म्या खरा ठरलो असतो, असं आलं मनात. मंजुळा तिथं पोरी घेऊन उभी होती, अन् माझ्या मनात ते आलं."